पेरणीयंत्राच्या नळीवरचा सेन्सर: गुंतवणूकदारांपुढे मांडणी करण्याच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, लातूर

यंत्र थोडक्यात असे: चार फणी बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणीयंत्राच्या प्रत्येक नळीवर एक इन्फ्रारेड सेन्सर, चालकासमोर एक डबी, डबीवर चार दिवे आणि एक बझर. एखाद्या नळीतून बी पडायचे थांबले की तिचा दिवा लागतो. चाडे (बियाण्याचे पात्र) रिकामे झाले असेल तर आवाज तुटक येतो, नळी तुंबली असेल तर सलग.

मांडणीची सुरुवात सेन्सरपासून करायची नाही, हे आज पक्के केले. समोरच्या माणसाच्या मनात चार शंका असतात. हे चिखलात टिकेल का? याचे पैसे कोण मोजणार? दुसरा कुणी उचलून करील का? हंगाम हुकला तर पैसा किती दिवस अडकेल? मागितलेला प्रत्येक रुपया यातल्या कोणत्या तरी एका शंकेशी बांधलेला दिसला पाहिजे. ज्या खर्चाने एकही शंका मिटत नाही, तो पहिल्या मागणीत नको. ऑफिस, गाडी आणि जाहिरात आजच यादीतून काढली.

६ डिसेंबर २०२४

कुणालाही यंत्र दाखवण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज. हा क्रम उलटा होता कामा नये. अर्जाच्या तारखेआधी यंत्र कृषी प्रदर्शनात मांडले किंवा त्याचा व्हिडिओ टाकला, तर नावीन्याचा दावाच धोक्यात येतो. प्रदर्शनासाठी आणि चाचणीसाठी कायद्यात सवलती आहेत, पण त्या अरुंद आहेत. त्यांच्या भरवशावर राहू नये.

गुंतवणूकदाराकडून गोपनीयतेचा करार सही करून घ्यावा, असे पुष्कळ जण सुचवतात. पहिल्या भेटीत बहुतेक गुंतवणूकदार तो करत नाहीत. ते एकाच विषयावरचे अनेक प्रस्ताव बघत असतात आणि त्यांना हात बांधून घ्यायचे नसतात. तेव्हा संरक्षण अर्जातूनच यायला हवे. केंद्राच्या उद्योग विभागाची (डीपीआयआयटी) मान्यता असलेल्या स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आहे. तात्पुरत्या अर्जानंतर १२ महिन्यांत पूर्ण विवरण द्यावे लागते, नाहीतर अर्ज सोडून दिला असे धरतात. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात.

दावे लिहिताना पेटंट कायद्याची दोन कलमे डोळ्यांसमोर ठेवली. ३(एच) प्रमाणे शेतीची पद्धत हा शोध धरला जात नाही. म्हणून ‘पेरणी तपासण्याची पद्धत’ असा एकही दावा नाही, सगळे दावे उपकरणाचे. ३(के) प्रमाणे नुसता संगणकीय प्रोग्रॅमही चालत नाही. परदेशात मोठ्या प्लँटरवर बी मोजणारे ऑप्टिकल सेन्सर पूर्वीपासून आहेत, त्यामुळे ‘बी मोजतो’ एवढ्यावर पेटंट मिळणार नाही. आपले वेगळेपण दोन गोष्टींत आहे: नळीत बसणारी, पान्याशिवाय बदलता येणारी पारदर्शक बाही, आणि बाहीवर धूळ साचत जाईल तसा प्रकाश आपोआप वाढवणारी जोडणी. बीजप्रक्रियेची पावडर आणि रायझोबियमचे ओले मिश्रण काचेवर बसते आणि साधा सेन्सर काही तासांत आंधळा होतो. ही अडचण ज्याने रानात पाहिली आहे त्याला दावा समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक. अर्जात शोधक म्हणून माणसांची नावे येतात, पण गुंतवणूक कंपनीत होते. हक्क कंपनीकडे लेखी हस्तांतरित झालेला नसेल तर गुंतवणूकदाराचा वकील पहिल्याच दिवशी थांबवतो. यंत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत बनले असेल तर कॉलेजचा हक्क आहे का, हेही आधी लेखी मिटवावे.

२० डिसेंबर २०२४

पैसे कोण मोजणार? आज फक्त आकडेमोड.

सोयाबीनच्या ओळींतले अंतर ४५ सेंमी धरले तर एका एकरात सुमारे ९,००० मीटर ओळ होते. उत्पन्न एकरी ८ क्विंटल धरले, म्हणजे मीटरला साधारण ८९ ग्रॅम. १०० मीटर लांबीच्या एका तासात (ओळीत) एक नळी बंद राहिली तर नुकसान ९ किलोच्या आत-बाहेर. तेच चार नळ्यांपैकी एक नळी एकरभर बंद राहिली आणि कुणाच्या लक्षात आले नाही, तर २ क्विंटल. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण बाजारात दर त्याच्या खाली होते. मांडणीत ४,००० च धरायचा. लातूरच्या माणसापुढे हमीभावाने हिशोब मांडला तर तो पुढचे आकडे ऐकतच नाही. नांगी (ओळीतली रिकामी जागा) पडली की शेजारची झाडे थोडी पसरून भरपाई करतात, तेही कृषी पदवीधर विचारतो. म्हणून ‘जास्तीत जास्त ८,००० रुपये’ असे लिहिले.

पाच एकरवाल्या शेतकऱ्याला ६,५०० रुपयांचा संच परवडत नाही. त्याला ग्राहक म्हणून दाखवू नये. खरा ग्राहक आहे भाड्याने पेरणी करणारा ट्रॅक्टरमालक. हंगामात शंभर एकर केले तर संच एकरी ६५ रुपयांना पडतो. यंत्रामागे नळ्या बघत चालणाऱ्या माणसाची मजुरी रोज ४०० धरली आणि दिवसाला ८ ते १० एकर धरले, तर एका हंगामात चार-पाच हजार वाचतात. शिवाय नांग्या दिसल्या की शेतकरी भाडे अडवून धरतो. ती कटकट रुपयांत धरली नाही, पण तोंडी जरूर सांगावी.

दुसरा ग्राहक म्हणजे पेरणीयंत्र बनवणारे कारखाने. त्यांना दर ४,५०० रुपये, जीएसटी वगळून. आपला खर्च असा: चार सेन्सर ७२०, कंट्रोलर बोर्ड ४५०, डबी-बझर-दिवे ५२०, वायरिंग आणि कनेक्टर ६१०, वीजसंरक्षण १२०, जोडणी व तपासणी ३००, पॅकिंग ८०. एकूण २,८००. संचामागे १,७०० उरतात, म्हणजे जवळपास ३८ टक्के. वॉरंटीतले बदल यातूनच जाणार, हे पानावरच लिहिले.

राज्यात सुमारे ५० लाख हेक्टरवर सोयाबीन आहे, हा आकडा मांडणीत नाही. ‘त्यातला एक टक्का मिळाला तरी’ हे वाक्य अनुभवी गुंतवणूकदाराने इतक्यांदा ऐकलेले असते की त्यानंतर विश्वास कमी होतो. त्याऐवजी कारखान्यांची यादी, प्रत्येकाची हंगामातली यंत्रे आणि किती जणांनी इसार दिला, एवढे तीन रकाने. इरादापत्र कुणीही देतो, त्याला खर्च नसतो. संचामागे ५०० रुपये इसार देणारा कारखानदार दहा इरादापत्रांपेक्षा जड.

९ जानेवारी २०२५

सेन्सर नळीवर किती उंचीला, यावर तांत्रिक पान बेतले आहे. हे पान नीट समजले की बाकीचे यंत्र आपोआप समजते.

हेक्टरी ५५ किलो बियाणे आणि शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले, तर ओळीत मीटरला २० ते २१ दाणे पडतात. ताशी ४ किमी वेगाने एका नळीतून सेकंदाला सुमारे २३ दाणे. तुंबण होते ती खाली, फणाच्या टोकाशी. वाफसा नीट आलेला नसताना काळी माती तिथे गच्च बसते. दाणे वरून पडतच राहतात आणि नळी खालून भरत येते. भरत भरत दाणे सेन्सरपर्यंत पोहोचतात, तेव्हाच त्याला तुंबण कळते.

नळीचा आतला व्यास २५ मिमी. सेन्सर टोकापासून ३० सेंमीवर ठेवला तर मधल्या जागेत शंभराहून थोडे जास्त ग्रॅम बी मावते, म्हणजे सुमारे ८८० दाणे. तेवढे साचेपर्यंत ४३ मीटर ओळ रिकामी जाते. सेन्सर ८ सेंमीवर आणला तर २८ ग्रॅम, सुमारे २३५ दाणे, आणि रिकामी ओळ साडेअकरा मीटर. चाडे रिकामे होण्याची सूचना मात्र उंचीवर अवलंबून नाही: अर्धा सेकंद एकही दाणा गेला नाही की बझर, म्हणजे अर्ध्या मीटरच्या थोडे पुढे.

मग सेन्सर अगदी टोकाशी का नको? तिथे चिखल उडतो, दगड लागतो, केबल तुटते. ८ सेंमी ही तडजोड आहे आणि ती तडजोड म्हणूनच दाखवायची. गुंतवणूकदाराला तांत्रिक बाजू कळत नसली तरी समोरच्याने काय सोडून काय घेतले हे त्याला बरोबर कळते. ज्या मांडणीत सगळेच उत्तम असते, तिच्यावर तो जास्त प्रश्न विचारतो.

२२ जानेवारी २०२५

टेबलावरचे प्रात्यक्षिक. साहित्य: ६० सेंमी लांबीची २५ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक ॲक्रिलिक नळी, खऱ्या पेरणीयंत्रातला बियाण्याचा रोलर, तो फिरवायला १२ व्होल्टची वायपर मोटर, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी, २ किलो सोयाबीन, खाली स्टीलचा ट्रे, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला काळ्या मातीचा गोळा. एसी हॉलमध्ये माती लवकर सुकते आणि सुकलेली माती नळीत धरत नाही, ती गळून पडते. फडके हवेच.

क्रम असा. रोलर सुरू करायचा, दाणे ट्रेत पडू द्यायचे, सगळ्यांना आवाज ऐकू येऊ द्यायचा. मग पाहुण्यांपैकी एकाच्या हातात मातीचा गोळा द्यायचा आणि नळीचे टोक त्यालाच बंद करायला सांगायचे. बझर वाजायला सुमारे दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत बोलायचे नाही. दाणे नळीत चढताना दिसतात आणि ४३ मीटर व साडेअकरा मीटर यांतला फरक डोळ्यांना कळतो. बझर वाजला की एकच वाक्य: “एवढ्या वेळात साडेअकरा मीटर गेले, आज रानात हे कळायला अख्खी ओळ जाते.”

काय बिघडू शकते ते. हॅलोजन दिव्यांच्या प्रकाशात ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे सेन्सर वापरतो तोच इन्फ्रारेड भाग भरपूर असतो. तो थेट सेन्सरवर पडला तर सेन्सर चकतो, नळी तुंबलेली असूनही मोकळी दाखवतो. यासाठी एलईडी ठोके देत चालवायचा, एलईडी बंद असतानाचे माप चालू असतानाच्या मापातून वजा करायचे, आणि नळीभोवती काळा कॉलर लावायचा. रानात मावळतीचे ऊनही हाच त्रास देते, तेव्हा उपाय फक्त मंचापुरता नाही. हॉलच्या प्लगवर अवलंबून राहायचे नाही. सादरीकरण पीडीएफमध्येच न्यायचे; दुसऱ्याच्या संगणकावर मराठी फॉन्ट नसला की अक्षरांचे चौकोन होतात. आणि दुसरा तयार संच पिशवीत असावा.

४ फेब्रुवारी २०२५

पाने दहा, बोलणे सहा मिनिटे, प्रात्यक्षिक दोन. पहिले पान फक्त एक फोटो: उगवलेल्या सोयाबीनमधले एक रिकामे तास, आणि खाली ‘एक नळी, एक एकर, २ क्विंटल’. दुसरे पान ग्राहक आणि त्याचा एकरी खर्च. तिसऱ्यावर प्रात्यक्षिक. सेन्सरची आतली बाजू पाचव्या पानावर. रक्कम शेवटी नाही, आठव्या पानावर, म्हणजे तिच्यावर बोलायला वेळ उरतो. मेळाव्यातले मान्यवरांबरोबरचे फोटो आणि प्रमाणपत्रे कुठेच नाहीत.

१७ फेब्रुवारी २०२५, छत्रपती संभाजीनगर

मराठवाड्यात पैसे लावणारे एका साच्यातले नाहीत. एकच मांडणी सगळ्यांना चालत नाही. कोणासमोर कोणते पान जास्त वेळ उघडे ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते.

वाळूज-चिकलठाण्यातला व्हेंडर, म्हणजे वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारा उद्योजक. तो बाजाराबद्दल फारसे विचारत नाही. त्याचा हात सरळ डबीकडे जातो. झाकणाचे गॅस्केट, केबल बाहेर येते तिथला ग्लँड (पाणी रोखणारी जोडणी), स्क्रूची पकड बघतो. मग विचारतो: डाय (डबीचा साचा) किती पोकळ्यांची, डाय कुणाच्या नावावर, हजारात रिजेक्शन किती, फोटोट्रान्झिस्टर (सेन्सरमधला प्रकाश ओळखणारा भाग) मिळाला नाही तर पर्याय कोणता? जुन्या ट्रॅक्टरवर स्टार्टर मारताना व्होल्टेज ८-९ पर्यंत पडते आणि बॅटरीचे टर्मिनल ढिले असले की मोठे झटके येतात. तेव्हा डबी काय करते? उत्तर तयार: आत झटके शोषणारा टीव्हीएस डायोड आणि ६ व्होल्टपर्यंत चालणारा रेग्युलेटर. पण तोंडी उत्तरापेक्षा चाचणीचा कागद ठेवला की हा माणूस लवकर पटतो. त्याच्याकडून पैशाइतकीच उपयोगी गोष्ट म्हणजे त्याचे टूलरूम, म्हणजे साचे बनवण्याचा विभाग.

लातूरचा आडतदार किंवा डाळमिल-तेलमिलवाला. त्याचा प्रश्न एकच: पैसा कधी फिरून येतो? त्याच्यासाठी महिन्यांचा तक्ता वेगळा केला. सुटे भाग फेब्रुवारीत मागवायचे, संच मार्च-एप्रिलमध्ये बनवायचे, कारखान्यांना मेमध्ये द्यायचे, पेरणी जून-जुलैत, वसुली जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे लावलेला पैसा सहा महिने अडकतो, आणि पाऊस लांबला तर वसुलीही लांबते. हे लपवून चालत नाही. उधारीवर आयुष्य काढलेला माणूस तक्ता बघून दोन मिनिटांत ओळखतो. तक्त्याच्या खाली दुसरा फेरा दाखवला: तोच संच रब्बीत हरभऱ्याला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ज्वारीचा दाणा बारीक असल्याने तिथे सेन्सरची मर्यादा बदलावी लागते, ते बटण डबीवर आहे. त्याच्याशी मराठीत बोलावे, लाखांत बोलावे. ‘बर्न रेट’ म्हणण्यापेक्षा ‘महिन्याचा खर्च ६०,००० आणि हातात अमुक महिन्यांचे’ हे जास्त स्वच्छ.

जालन्यात तिसराच कान लागतो. १९६४ मध्ये महिको तिथे सुरू झाली आणि बियाण्यांचा धंदा त्या गावाच्या अंगवळणी पडला. तिथला माणूस बीजोत्पादनाच्या प्लॉटवर हे वापरता येईल का, ते विचारतो. येईल, पण तो बाजार लहान आहे. ‘पुढचा टप्पा’ म्हणून एक ओळ, बस.

पुण्या-मुंबईचा फंड वाढीचा वेग विचारतो. तिथे एक मोह होतो: डबीत जीपीएस आणि सिम टाकून ‘पेरणीचा डेटा’ विकणारी कंपनी म्हणून उभे राहण्याचा. तसे करू नये असे या चमूचे ठाम मत आहे. खर्च वाढतो, रानात नेटवर्क नसते, आणि डेटा विकत घेणारा ग्राहक आज दाखवता येत नाही.

अनुदानाचा प्रश्न सगळीकडे येतो. अवजारांचे अनुदान महाडीबीटीवरून मिळते आणि कारखानदाराची यंत्रे त्यात बसतात. आपला हिशोब त्याशिवाय उभा आहे. अनुदानावर टेकलेला हिशोब अर्जांच्या मंजुरीबरोबर हलतो.

३ मार्च २०२५

मागणी ३० लाख, दोन हप्त्यांत.

पहिला हप्ता १२ लाख, ‘चिखलात टिकेल का’ या शंकेसाठी. ५० संच २ लाख (एवढ्या कमी संख्येत संच ४,००० ला पडतो), पाणी-धूळ-कंपन चाचण्या अडीच लाख, पेटंटचे पूर्ण विवरण १ लाख, दोन माणसांचा नऊ महिन्यांचा पगार ५ लाख ४० हजार, राखीव १ लाख १० हजार. दुसरा हप्ता १८ लाख, खरिपाचा निकाल आल्यावर: डाय साडेचार लाख, ४०० संचांचा माल ११ लाख २० हजार, पगार १ लाख ८० हजार, राखीव ५० हजार.

डाय दुसऱ्या हप्त्यात आहे याचे कारण विचारले जाते. पन्नास संच थ्रीडी प्रिंटवरच करायचे. रानातून परत आल्यावर आकार बदलणार हे नक्की, आणि कापलेली डाय बदलणे म्हणजे अर्धी डाय पुन्हा करणे.

३० लाखांना १२ टक्के, म्हणजे गुंतवणुकीनंतरचे मूल्य अडीच कोटी. हे मूल्य कुठून आले, याचे गणिती उत्तर या टप्प्यावर कुणाकडेच नसते. आधाराला अर्ज, इसार आणि चालणारे यंत्र ठेवायचे, आणि हट्ट धरायचा तो टक्क्यांपेक्षा हप्त्याच्या अटींवर.

स्टार्टअप इंडिया सीड फंडचा अर्ज इन्क्युबेटरमार्फत (नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत) समांतर चालवला आहे. नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, त्यात हिस्सा द्यावा लागत नाही. अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी ही अट बरेच जण उशिरा वाचतात. अनुदान आले तर पहिल्या हप्त्याची मागणी तेवढी कमी होईल, हे गुंतवणूकदारांना आधीच सांगितलेले बरे.

२१ मार्च २०२५

प्राथमिक अटींचा कागद आला. टक्केवारी ठीक. अडकले ते पैसे परतीच्या प्राधान्यावर. मसुद्यात ‘सहभागी’ प्राधान्य आहे. कंपनी १ कोटीला विकली गेली तर गुंतवणूकदार आधी ३० लाख घेतो आणि उरलेल्या ७० लाखांतून पुन्हा १२ टक्के, म्हणजे एकूण ३८ लाख ४० हजार. ‘असहभागी’ असेल तर ३० लाख किंवा १२ टक्के, यांतले जे जास्त ते एकच. दुसरे मागितले. संस्थापकांचे शेअर चार वर्षांत हळूहळू पक्के होण्याची अट मान्य. ती नसती तर आपणच घालायला हवी होती, कारण पहिल्या वर्षी निघून गेलेल्या भागीदाराकडे मोठा हिस्सा राहिला तर पुढचा गुंतवणूकदार येत नाही.

८ एप्रिल २०२५

कागदपत्रे. शेअर देण्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, कंपनी कायद्याच्या कलम ४२ खाली नावानिशी प्रस्ताव, पैसे वेगळ्या बँक खात्यात, पैसे आल्यापासून ६० दिवसांत वाटप, वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३, म्हणजे वाटपाची माहिती देणारा फॉर्म. हा फॉर्म भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. प्रस्तावाची जाहीर प्रसिद्धीही चालत नाही, म्हणून गावच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आमच्यात पैसे गुंतवा’ असा संदेश टाकायचा नाही. मदतीच्या भावनेने दुसऱ्या कुणी टाकला तरी काढायला लावायचा. शेअरच्या वाजवी किमतीपेक्षा जादा आलेल्या रकमेवरचा एंजल टॅक्स आता लागू नाही, तेवढी एक कागदाची थप्पी कमी झाली.

दुसऱ्या हप्त्याच्या अटीचा मसुदा त्यांनी ‘३१ जुलैपर्यंत चाचणी पूर्ण’ असा दिला होता. तो बदलून घेतला. कृषी विभाग ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो आणि तो पाऊस मृगात येईल की आर्द्रात, हे करारात लिहिता येत नाही. नवी अट: ५० संचांवर मिळून किमान २,००० एकर पेरणी, खोटी सूचना दिवसाला संचामागे दोनपेक्षा जास्त नाही, हंगामाअखेर ५० पैकी ४५ संच चालू, अहवाल शेवटच्या संचाची पेरणी संपल्यापासून ३० दिवसांत. खोटी सूचना म्हणजे काय, तेही खाली लिहिले: बझर वाजला, चालक उतरला, आणि नळी मोकळी व चाडे भरलेले निघाले. ही नोंद चालकाने त्याच दिवशी वहीत करायची. वह्या संचांबरोबर मेच्या तिसऱ्या आठवड्यात जातील.